मेंढीच्या लघवीत प्रोटीन: हिरव्या पट्टीपासून रिपोर्ट हातात येईपर्यंत

आमचा कळप लहान. पुण्याजवळ दिवे घाटाच्या पायथ्याला वडकीच्या शिवारात आबा चाळीसेक दख्खनी मेंढ्या सांभाळतात. मी हडपसरला कंपनीत आहे, सुट्टी गुरुवारी. त्यामुळे खाली येणाऱ्या बहुतेक तारखा गुरुवारच्या आहेत. मेंढीची लघवी तपासायची वेळ आली तेव्हा मराठीत कुठेच काही सापडलं नव्हतं. जे होतं ते कुत्र्या-मांजरांचं, नाहीतर माणसांचं. म्हणून हे सगळं लिहून ठेवतोय.

3 ऑक्टोबर 2024, घटस्थापना. संध्याकाळी कळप परत आला तेव्हा आबांनी एक मेंढी बाजूला धरून ठेवली होती. तिच्या जबड्याखाली पाणी उतरलं होतं. बोटाने दाबलं की खळगा पडायचा आणि सावकाश भरून यायचा. सकाळी पाहावं तर सूज निम्मी. दिवसभर मान खाली घालून चरलं की पाणी खाली जमतं, रात्री बसल्यावर ओसरतं. ही सूज मेंढपाळाला नवी नाही. पावसाळा संपता संपता जबड्याखाली थैली दिसली की जंत, हे आबांचं गणित आणि दहातल्या नऊ वेळा ते बरोबर येतं. जंताचा डोस त्यांनी त्याच रात्री पाजला.

आठवडा गेला तरी सूज हलेना. 10 तारखेला आमच्या पशुवैद्यक मॅडम आल्या. त्यांनी सगळ्यात आधी मेंढीची खालची पापणी ओढून पाहिली. हिमॉन्कस नावाचे रक्त पिणारे जंत असतील तर पापणीची आतली बाजू पांढरी फटक पडते. दक्षिण आफ्रिकेत तयार झालेला 'फमाचा' नावाचा रंगांचा तक्ताच आहे त्यासाठी, मॅडमच्या पिशवीत असतो. आमच्या मेंढीची पापणी चांगली गुलाबी होती. लेंडी तपासली, त्यात जंतांची अंडी मोजकीच आणि चपट्या कृमींची तर नाहीच. हगवण नाही. मेंढी खात होती, रवंथ करत होती, पण पाठीचा कणा हाताला लागायला लागला होता.

"आबा, हिचं प्रोटीन कुठूनतरी जातंय," मॅडम म्हणाल्या. "जंत नेत नाहीत, आतड्यातून जात नाही. आता मूत्रपिंड बघायला पाहिजे."

रक्ताचा नमुना त्यांनी तिथेच घेतला. त्यात अल्ब्युमिन दर शंभर मिलिलीटरला 1.3 ग्रॅम आलं, मेंढीत ते 2.4 च्या वर हवं. अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रोटीन, ते रक्तातलं पाणी धरून ठेवतं. ते कमी झालं की पाणी झिरपून सैल जागी जमतं, म्हणजे जबड्याखाली. ते अल्ब्युमिन लघवीवाटे जातंय का, हे पाहण्यासाठी लघवीतलं प्रोटीन तपासायचं.

आबांचं म्हणणं वेगळंच. "आरं, मानसाचं मूत तपासायला दवाखान्यात रांग लागती, आन् तू मेंढीचं घेऊन हिंडणार?"

हिंडावं लागलंच. आधी घराजवळच्या पॅथॉलॉजीत विचारलं. काउंटरवरच्या मुलाने मेंढीचं नाव ऐकून आतल्या सरांना हाक मारली, सर बाहेर येऊन हसले आणि नाही म्हणाले. चूक त्यांची नाही, जनावराचा नमुना माणसांच्या यंत्रात घालणं त्यांच्या नियमात बसत नाही. पाळीव प्राण्यांच्या एका खासगी लॅबने नमुना घ्यायची तयारी दाखवली, पण त्यांच्या ऑनलाइन फॉर्मवर प्राण्याच्या रकान्यात 'डॉग' आणि 'कॅट' इतकेच पर्याय. फोनवरची मुलगी म्हणाली, 'डॉग' टाका आणि शेऱ्यात 'शीप' लिहा. मी ते केलं नाही. पुढे रिपोर्टवर 'कॅनाइन' छापून आलं असतं तर विम्याला, मृत्यूच्या दाखल्याला किंवा दुसऱ्या डॉक्टरला दाखवायला तो कागद कुचकामी ठरला असता. मॅडमच्या लेटरहेडवर चिठ्ठी घेऊन गेलो तेव्हा त्यांनी हाताने भरायचा फॉर्म काढून दिला.

चिठ्ठीवर काय काय हवं ते सांगून ठेवतो, सरकारी प्रयोगशाळेत गेलात तरी हेच विचारतात: मालकाचं नाव आणि गाव, जनावर, जात, लिंग, वय, कानातल्या बिल्ल्याचा बारा आकडी नंबर, लक्षणं, नमुना घेतल्याची तारीख आणि वेळ, कुठली चाचणी हवी, आणि आधी दिलेली औषधं. हा शेवटचा रकाना लोक मोकळा सोडतात. लघवीच्या बाबतीत तो फार महत्त्वाचा आहे, का ते पुढे येईल.

लॅबला नमुना पाठवण्याआधी वाड्यावरच चाळणी चाचणी करून घेऊ, असं मॅडमचं मत पडलं. लॅबच्या एका चाचणीच्या पैशांत घरी पन्नास होतात. त्यांनी अट एकच घातली: आजारी मेंढीबरोबर पाच-सहा धडधाकट मेंढ्यांचीही लघवी तपासायची. त्या वेळी मला हे उगाच वाढवलेलं काम वाटलं.

17 ऑक्टोबरला पहाटे सुरुवात केली. लघवी गोळा करणं हाच या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात वेळखाऊ भाग आहे, त्यामुळे इथे जरा थांबतो.

मेंढी बसलेली उठली की पहिल्या मिनिटभरात बहुतेक वेळा मुतते. त्यामुळे सूर्य उगवायच्या आत वाघरीत, म्हणजे मेंढ्या कोंडायच्या जाळीच्या कुंपणात, शिरायचं, एकेकीला हलकेच उठवायचं आणि मागे तयार उभं राहायचं. मी बांबूच्या काठीला प्लास्टिकचा मोठ्या तोंडाचा डबा चिकटपट्टीने बांधला होता, वाकून हात पुढे केला की मेंढी दचकून पळते म्हणून. पहिली धार सोडून द्यायची, मधली धरायची. डब्यात लेंडी, लोकर किंवा माती पडली तर तो नमुना फेकायचा. मागचा भाग घाण असेल तर आदल्या संध्याकाळी साध्या पाण्याने धुवायचा. सॅव्हलॉन किंवा तसलं जंतुनाशक वापरायचं नाही, हे मॅडमनी दोनदा बजावलं होतं. त्यातल्या सेट्रिमाइड आणि क्लोरहेक्सिडीनचा अंश जरी लघवीत उतरला तरी पट्टी प्रोटीन नसताना प्रोटीन दाखवते.

ज्या मुतल्या नाहीत त्यांच्यासाठी दुसरी पद्धत आहे. मेंढीचं नाक-तोंड हाताने थोडा वेळ बंद धरलं की ती गुदमरल्यासारखी होते आणि सोडता सोडता मुतते. जगभर माद्यांमध्ये हीच पद्धत वापरतात. पण ती डॉक्टरांच्या हातून किंवा त्यांच्या समोरच व्हावी. मॅडम घड्याळ लावून अर्ध्या मिनिटाच्या आसपास धरायच्या, पाऊण मिनिटाच्या पुढे कधीच नाही. खोकणारी, धापणारी, अशक्त किंवा विण्याच्या बेतात असलेली मेंढी असेल तर अजिबात नाही. आमच्या आजारी मेंढीवर ती वापरलीच नाही. तिच्यामागे मी डबा धरून ऊन वर येईपर्यंत उभा होतो. नर मेंढ्याचं काम आणखी अवघड, त्याला नळी घालता येत नाही. मूत्रमार्गाला आत वळणं असतात आणि टोकाला अळीसारखा बारीक भाग असतो, तिथेच अडतं. त्याची वाटच पाहायची.

कोकरांबद्दल एक गोष्ट. आबांना हौस आली आणि म्हणाले, कालच्या कोकराचं पण बघ. मॅडमनी थांबवलं. चीक प्यायल्यावर पहिले दोनेक दिवस कोकराच्या लघवीत प्रोटीन उतरतंच. चिकातली लहान प्रोटीनं आतड्यातून तशीच रक्तात जातात आणि मूत्रपिंडातून गळतात. तो आजार नाही. तसंच नुकत्याच व्यालेल्या मेंढीच्या लघवीत वारेचा स्राव मिसळतो, तिचीही तपासायची नाही.

आता पट्ट्या. औषधाच्या दुकानात मिळतात त्याच, माणसांच्या. शंभर पट्ट्यांची बाटली मला साडेसहाशेला पडली, त्यात दहा गोष्टी कळतात. नुसत्या साखर-प्रोटीनच्या घेतल्या तर स्वस्त पडतात, पण मेंढीसाठी मी पीएच (लघवी आम्ल आहे की अल्कली हे सांगणारा आकडा) असलेलीच घ्या म्हणेन. पट्टी लघवीत बुडवून लगेच काढायची, कडेला निथळायची, आडवी धरायची म्हणजे एका चौकोनाचा रंग दुसऱ्यात उतरत नाही. साठ सेकंदांनी प्रोटीनचा चौकोन बाटलीवरच्या रंगांशी लावून पाहायचा. पिवळा म्हणजे नाही, मग पोपटी, हिरवा, शेवटी निळसर हिरवा. बाटलीवर एक अधिकला 30 मिलिग्रॅम, दोनला 100, तीनला 300 असं लिहिलेलं असतं, दर शंभर मिलिलीटरला. उन्हात पाहू नका, सावलीतल्या उजेडात पाहा. बाटलीचं झाकण लगेच लावा, दमट हवेने पट्ट्या आंधळ्या होतात.

आजारी मेंढीची पट्टी गडद हिरवी झाली, तीन अधिक. अपेक्षित होतं. मग पहिली धडधाकट मेंढी: हिरवी, एक अधिक. दुसरी: दोन अधिक. तिसरी पुन्हा एक. आबा माझ्या तोंडाकडे बघत होते. अख्ख्या कळपाची मूत्रपिंडं गेली की काय, असं त्या अर्ध्या तासात वाटून गेलं. विहिरीच्या पाण्यापासून शेजारच्या फवारणीपर्यंत सगळ्यांवर संशय घेऊन झाला. पट्ट्यांचे फोटो काढून मॅडमना पाठवले तर त्यांचं उत्तर आलं: "पीएचचा चौकोन बघा."

तो सगळ्यांचा गडद निळा होता. 8.5, म्हणजे पट्टीवरचं शेवटचं घर.

संध्याकाळी त्यांनी फोनवर समजावून सांगितलं. प्रोटीनच्या चौकोनात टेट्राब्रोमोफिनॉल ब्लू नावाचा रंग आणि त्याच्यासोबत आम्ल भरलेलं असतं. ते आम्ल चौकोनाचा पीएच 3 वर धरून ठेवतं आणि त्या पीएचला हा रंग पिवळा असतो. लघवीत अल्ब्युमिन आलं की ते रंगाकडचा हायड्रोजन ओढून घेतं आणि पिवळ्याचा हिरवा-निळा होतो. माणसाची लघवी साधारण 6 च्या आसपास असते, तिथे हे गणित जमतं. चारा खाणाऱ्या मेंढीची लघवी अल्कलीकडे झुकलेली, 8 किंवा त्याच्या वर. एवढ्या अल्कलीपुढे कागदातलं आम्ल अपुरं पडतं, चौकोनाचा पीएच वर सरकतो आणि प्रोटीन नसतानाही रंग हिरवा होतो. गाई, शेळ्या, घोडे, सगळ्या चारा खाणाऱ्यांत हाच घोळ. धान्याचा खुराक जास्त असलेल्या मेंढ्यांत लघवी आम्लाकडे येते, तिथे पट्टी थोडी खरं बोलते.

धडधाकट मेंढ्या कशासाठी, ते तेव्हा कळलं. नुसती आजारी मेंढी तपासली असती तर तीन अधिक पाहून आम्ही तिथेच निकाल लावला असता. आणि एखाद्याने नुसती धडधाकट तपासली तर तो चांगली मेंढी बाजारात विकून मोकळा होईल. मेंढीत पट्टी पिवळी आली तर सहसा विश्वास ठेवावा, हिरवी आली तर दुसरी चाचणी केल्याशिवाय ठेवू नये. मला या सगळ्यातून सांगायचं मुख्य हेच आहे.

दुसरी चाचणी सल्फोसॅलिसिलिक ॲसिडची. 24 ऑक्टोबरला मी पेठेत प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानात गेलो. दिवाळी तोंडावर, लक्ष्मी रस्त्याला पाय ठेवायला जागा नव्हती, गाडी नदीपात्रात लावून चालत गेलो. दुकानदाराने कशासाठी विचारलं, मॅडमची चिठ्ठी दाखवली, त्याने बिलावर नाव-पत्ता लिहून घेतला. 100 ग्रॅमच्या खाली पाकीट मिळत नाही, चारशेच्या आत बसलं. सोबत काचेच्या परीक्षानळ्या, स्टँड, ड्रॉपर, गाळणकागद आणि डिस्टिल्ड वॉटर घेतलं. जुन्या पुस्तकांतली पिक्रिक ॲसिडची एस्बाख चाचणी मी वाचली होती, त्याबद्दल विचारल्यावर दुकानदार म्हणाला, "ते घरी नेऊ नका साहेब." बरोबर आहे त्याचं, पिक्रिक ॲसिड वाळलं की स्फोटक होतं. हेलरच्या चाचणीत तीव्र नायट्रिक ॲसिडवर लघवी सोडून मधली पांढरी कडी पाहतात, तीही वाड्यावर करण्यासारखी नाही.

3 ग्रॅम पावडर 100 मिलिलीटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवली की 3 टक्क्यांचं द्रावण तयार. तपकिरी बाटलीत, नाव-तारीख लिहून, मुलांच्या हाताला लागणार नाही असं ठेवलं. हातमोजे घाला, हे ॲसिड कातडीला आणि डोळ्यांना झोंबतं.

लघवी गढूळ असेल तर आधी गाळून घ्यायची. सेंट्रिफ्यूज असतं तर उत्तम, आमच्याकडे गाळणकागद. मग पीएच जास्त असल्याने आधी व्हिनेगरचे थेंब टाकून तो 5 च्या जवळ आणायचा, नाहीतर अल्कली ॲसिडला खाऊन टाकते आणि असलेलं प्रोटीनही दिसत नाही. साधं स्वयंपाकाचं पांढरं व्हिनेगर चालतं, त्यात 4-5 टक्के ॲसेटिक ॲसिडच असतं. पहिला थेंब पडताच नळीत फसफसलं. आबा दोन पावलं मागे सरले. ते लघवीतलं कार्बोनेट होतं. फेस पूर्ण बसू द्यायचा. मग जितकी लघवी तितकंच द्रावण, नळी हलकेच उलटीपालटी करून पाच-दहा मिनिटं ठेवायची, आणि मागे छापील कागद धरून पाहायचं. सोबत नुसत्या गाळलेल्या लघवीची एक नळी तुलनेला ठेवायची. अक्षरं स्वच्छ दिसली तर प्रोटीन नाही. धूसर दिसली, पण वाचता आली तर एक अधिक. नुसत्या काळ्या ओळी कळल्या तर दोन. काहीच दिसेना आणि कण धरायला लागले तर तीन, गुठळ्या झाल्या तर चार.

मी किराण्याची छापील पावती धरली होती. धडधाकट मेंढ्यांच्या सगळ्या नळ्यांमधून 'तूरडाळ 1 किलो' लख्ख वाचता येत होतं, पट्टीवर दोन अधिक दाखवणारीच्यासुद्धा. आजारी मेंढीच्या नळीत ॲसिड पडता पडता पांढरे ढग उठले आणि मिनिटभरात आतलं सगळं ताकासारखं झालं. पावती दिसेनाशी झाली. आबांनी नळी हातात घेऊन उजेडाकडे धरली आणि म्हणाले, "हिच्या अंगाचं सगळं हितनंच चाललंय की."

तिसरी चाचणी आमच्या आज्या-पणज्यांच्या काळातल्या डॉक्टरांची, उकळून पाहण्याची. नळी तीन चतुर्थांश भरायची आणि वरचा भाग स्पिरिटच्या दिव्यावर तापवायचा, तोंड कुणाकडेही न रोखता. धडधाकट मेंढीची लघवीही तापल्यावर वरून पांढरट झाली. व्हिनेगरचे दोन-तीन थेंब टाकले, ती फसफसली आणि निवळली, म्हणजे ते फॉस्फेट-कार्बोनेट होतं. आजारी मेंढीचा पांढरेपणा व्हिनेगरने गेला नाही. ज्याला पेठेत जाणं शक्य नाही त्याने किमान ही चाचणी करावी, खर्च जवळजवळ शून्य.

औषधांच्या रकान्याचं आता सांगतो. पेनिसिलिन मोठ्या मात्रेत दिलेलं असेल किंवा काही सल्फा औषधं चालू असतील तर सल्फोसॅलिसिलिकच्या नळीत प्रोटीन नसतानाही गढूळपणा येतो. आमच्या मेंढीला खांद्यापुढच्या गाठीसाठी सप्टेंबरमध्ये इंजेक्शनं झाली होती. महिना उलटून गेल्याने मॅडमनी तो संशय बाजूला ठेवला, पण चिठ्ठीवर तारखांसह लिहिलं. ती गाठ लक्षात ठेवा.

आता लॅब. मला वाटलं दुसऱ्या दिवशी नमुना द्यावा, पण 28 तारखेला वसुबारस आणि लॅबचं वाहन भाऊबीजेपर्यंत बंद. लघवी ताजीच हवी, फ्रीजमध्ये ठेवून फार तर दिवसभर. दिवाळी होईपर्यंत थांबण्याशिवाय इलाज नव्हता. त्या दिवसांत मेंढीच्या मागच्या पायांवरही सूज चढली. तिला गटातून वेगळं काढून मेथीघास आणि पेंड चालू केली. घरात फराळाची गडबड आणि मी सकाळी उठून आधी तिचा जबडा चाचपायचो.

7 नोव्हेंबरला आजारी मेंढीचा आणि एका धडधाकट मेंढीचा नमुना घेतला. निर्जंतुक डबी, झाकणावर पट्टी, डबीच्या अंगावर नाव (झाकणावर नाही, झाकणं बदलतात), बर्फाच्या पाकिटांबरोबर थर्मासमध्ये. साडेसातला मिळालेली लघवी साडेनऊला कोथरूडच्या बाजूला लॅबमध्ये पोचली. चाचण्या दोन सांगितल्या: गाळ तपासणी आणि प्रोटीन-क्रिएटिनिन गुणोत्तर (क्रिएटिनिन म्हणजे स्नायूंतून निघून लघवीवाटे जाणारा टाकाऊ पदार्थ). काउंटरवर 'मायक्रोअल्ब्युमिन करू का, स्वस्त आहे' असं विचारलं गेलं. नको म्हणा. ती चाचणी माणसाच्या अल्ब्युमिनला चिकटणाऱ्या अँटिबॉडीवर चालते, मेंढीचं अल्ब्युमिन तिला ओळखू येईलच असं नाही. प्रोटीन आणि क्रिएटिनिन मात्र साध्या रसायनांनी मोजतात, प्राणी कुठलाही असो. क्रिएटिनिनने भागायचं कारण असं की लघवी पातळ-घट्ट असली तरी आकडा फसवत नाही. दोन नमुन्यांचे मिळून अठराशे रुपये गेले.

रिपोर्ट दोन दिवसांत म्हणाले होते, पाचव्या दिवशी आला. निवडणुकीची धामधूम होती, फोन लागत नव्हता, लागला तर 'सर सही करायचे आहेत' हे उत्तर. 12 तारखेला मोबाइलवर कागद पडला. आजारी मेंढीचं गुणोत्तर 5.2. धडधाकट मेंढीचं 0.1. शेजारी संदर्भ म्हणून कुत्र्यांचे आकडे छापलेले: 0.2 च्या खाली ठीक, 0.5 च्या वर प्रोटीन जातंय. मॅडमनी त्या आकड्यांवर काट मारली आणि आमच्याच दुसऱ्या मेंढीच्या 0.1 भोवती गोल केला. "आपला संदर्भ हा," म्हणाल्या. गाळात पू-पेशी नव्हत्या, रक्त नव्हतं, म्हणजे मूत्राशयाचा दाह किंवा खडा हे कारण नाही. प्रोटीन थेट मूत्रपिंडाच्या गाळण्यांतून गळत होतं.

त्यापुढे फार काही करता आलं नाही आणि मॅडमनी ते त्याच दिवशी स्पष्ट सांगितलं. मेंढी खात होती तोवर सांभाळायची, कष्ट दिसायला लागले की थांबायचं. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तिने खाणं सोडलं आणि तीन दिवसांनी गेली. आबा त्या दिवशी कळप घेऊन गेलेच नाहीत.

शवविच्छेदन करायचं की नाही यावर घरात दुमत होतं. मी आग्रह धरला. मॅडमनी वाड्याच्या मागेच केलं. दोन्ही मूत्रपिंडं फुगलेली, फिकट, मेणचट. कापलेल्या भागावर त्यांनी आयोडीनचे थेंब टाकले तर बारीक बारीक तपकिरी ठिपके उमटले. अमायलॉइडचा संशय तिथेच आला. एक तुकडा 10 टक्के फॉर्मेलिनमध्ये शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात पाठवला. तुकडा बोटाच्या जाडीपेक्षा कमी ठेवा आणि फॉर्मेलिन त्याच्या दसपट घ्या, नाहीतर आतला भाग सडतो. फ्रीजरमध्ये गोठवलेला तुकडा या तपासणीला चालत नाही. जानेवारीत उत्तर आलं: काँगो रेड रंगाने अमायलॉइड नक्की.

आणि आता ती गाठ. या मेंढीच्या खांद्यापुढे दर वर्षी एक गाठ यायची, पिकायची, फुटायची, हिरवट घट्ट पू निघायचा. आबा ती दाबून मोकळी करायचे, सगळेच मेंढपाळ करतात. अंगात असा पू वर्षानुवर्षं राहिला की यकृत एक प्रोटीन भरमसाट बनवत राहतं आणि त्याचेच धागे, म्हणजे अमायलॉइड, मूत्रपिंडाच्या गाळण्यांत साचतात. गाळण्या फाटल्यासारख्या होतात आणि अल्ब्युमिन वाहून जातं. गाठीतल्या पुवाने आजार इतर मेंढ्यांनाही लागतो, म्हणून वाघरीच्या आत गाठ फोडणं आता बंद केलंय. गाठवाली मेंढी बाहेर नेऊन, पू कागदात धरून जाळतो, आणि लोकर कातरायची कात्री प्रत्येक मेंढीनंतर पुसतो. आबा कुरकुरले, पण करतात.

सगळा हिशोब धरला तर पट्ट्या, रसायन, नळ्या, लॅब, रक्त तपासणी आणि पेट्रोल मिळून पाच हजारांच्या आत-बाहेर गेले. मेंढीची किंमत त्याहून जास्त होती, पण वाचली ती काही नाही. पैसे वसूल झाले ते बाकीच्या कळपासाठी.

कळपात गाठी येणाऱ्या आणखी दोन मेंढ्या आहेत. त्यांना वेगळ्या वाघरीत ठेवलंय आणि मॅडमनी दर तीन महिन्यांनी त्यांची लघवी पाहायला सांगितलीय: आधी पट्टी, हिरवी आली की नळी. एप्रिलमध्ये पहिली फेरी झाली. पट्ट्या दोघींच्या हिरव्या, नळ्या दोघींच्या स्वच्छ. पुढची जुलैत. तोवर उघडलेल्या पट्ट्यांची मुदत संपेल, या वेळी पन्नासची बाटली मिळाली तर तीच आणणार आहे.